ना बाग, ना वाईन, ना खिडकी : दिंडोरीतल्या एका न्याहारी-निवासाचं प्रकरण

ऑक्टोबरात राहून गेलेल्या एका जोडप्याने एकच तारा दिला होता आणि खाली सात शब्द लिहिले होते. "बाग नाही, वाईन नाही, खिडकीसुद्धा नाही. फसवणूक." ते घर चालवणाऱ्या वहिनींनी मला फोन केला तो हे वाचून. रडवेल्या नव्हत्या, चिडलेल्या होत्या. "ताई, नऊ एकर बाग आहे आमची. बाग नाही म्हणजे काय?"

मी नाशिकमध्ये छोट्या होमस्टेंच्या नोंदण्या, दरपत्रकं आणि खोल्यांची मांडणी बघते. त्याआधी बारा वर्षं हॉटेलात फ्रंट ऑफिसला काढली. त्यामुळे एक तारा बघून माझं काही होत नाही. पण हे सात शब्द मला आवडले. तक्रार नेमकी होती, तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि तरीही फसवणूक कोणी केलेली नव्हती. म्हणून हे प्रकरण लिहून काढते आहे. घराचं नाव, गावाचं नाव देत नाही. वहिनींची अट आहे: "लिहा, पण नाव नको. धाकट्या दिराची सोयरीक व्हायचीय."

घर, मळा आणि 'पॅरिस'

मळा दिंडोरी तालुक्यात. सात एकर खायची द्राक्षं, दोन एकर वाईनची. हे दोन एकर नानांचे, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांचे. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, आणि दिंडोरी-निफाडकडे वाईनच्या जाती लावायची लाटच आली. नानांनीही शेनीन ब्लांक ही जात लावली. पुढे २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी खरेदी आखडती घेतली, तेव्हा भोवतालच्या अनेकांनी ती झाडं मुळासकट उपटली आणि पुन्हा थॉमसन या खायच्या जातीकडे वळले. नानांनी उपटली नाहीत. का, असं विचारलं तर म्हणतात, "कंटाळा केला." मला ते खरं वाटत नाही, पण दुसरं उत्तर ते देत नाहीत.

दरम्यान नाशिकला येणाऱ्यांची तऱ्हा बदलली. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, २००८ पासून सुलाफेस्ट सुरू झाला, आणि गोदावरीत डुबकी मारून पंचवटीतून परत जाणाऱ्यांच्या जोडीला आणखी एक पाहुणा येऊ लागला. शनिवारी मुंबईहून निघायचं, दुपारी टेस्टिंग, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या पाण्याकडेला, रविवारी सकाळी द्राक्षमळ्यातली मिसळ, की परत कसारा घाट. या पाहुण्याला एक रात्र हवी असते. वहिनींच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊंनी, मळ्यातल्या घरावर दोन खोल्या चढवल्या त्या या एका रात्रीसाठी.

खोल्या चांगल्या होत्या. मी त्या बांधकाम चालू असताना पाहिल्या होत्या. पूर्वेच्या खोलीला चार फुटी खिडकी, खिडकीखाली शेनीनच्या ओळी आणि ओळींच्या टोकाला रामशेजचा डोंगर. मग कोणीतरी सांगितलं की नुसत्या खोल्या चालत नाहीत, थीम पाहिजे. रोमँटिक थीम. शहरातला एक सजावटवाला आला. पूर्वेची खोली 'पॅरिस' झाली, पश्चिमेची 'व्हेनिस'. लाल बदामी उश्या, पलंगावर जाळी, टॉवेलचे राजहंस, फुगे, पाकळ्या. पाकळ्या दर मुक्कामाला नव्या, त्याचे पैसे वेगळे. आणि पलंग ज्या भिंतीला लावायचा त्याच भिंतीत खिडकी येत होती, तर त्याने खिडकीवर प्लायवूड ठोकलं आणि त्यावर छतापर्यंत आयफेल टॉवर चिकटवला.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोननंतर मी मळ्यावर गेले, जिना चढून खोलीत शिरले, आणि क्षणभर वाटलं की चुकून दुसऱ्या घरात आले.

त्या संध्याकाळी काय झालं

जोडपं ठाण्याहून आलेलं, लग्नाचा पहिला वाढदिवस. यादीतला फोटो बघून त्यांनी खोली घेतली होती. फोटोत वहिनींच्या मुलीच्या हातात द्राक्षांचा घड आहे आणि मागे घडांनी वाकलेल्या तारा. फोटो फेब्रुवारीतला. ते आले ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

नाशिकच्या बागेचं वर्ष ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडं थांबते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते आणि पीक एकदाच येतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरात फळछाटणी, तिच्यातून साधारण चार महिन्यांनी माल. म्हणजे पावसाळाभर बाग हिरवीगार असते पण तिच्यात एक मणी नसतो, आणि ऑक्टोबरात छाटणी झाली की बाग म्हणजे तारांना बांधलेल्या नुसत्या काड्या. फ्रान्समध्ये किंवा कॅलिफोर्नियात ऑक्टोबर हा द्राक्षकाढणीच्या दिवसांतला महिना. पाहुण्याच्या डोक्यातलं वेळापत्रक तिकडचं असतं, सिनेमातून आलेलं. आपलं उलटं आहे.

त्या दिवशी दुपारी शेनीनची छाटणी उरकून बायका पेस्ट लावत होत्या. छाटलेल्या काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळलेला असतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती मुलगी पांढरा पायघोळ झगा घालून खाली उतरली. काड्या तर काड्या, निदान सूर्यास्त तरी मिळेल असा तिचा हिशोब असणार. दोन ओळींमधून चालत गेली, वळताना काडीला धरलं. तळहात लाल, बाही लाल.

वहिनींनी पडवीतून ते पाहिलं आणि धावत सुटल्या. साबणाने हात धुवायला लावले, झगा बदलायला लावला. इथपर्यंत ठीक. पुढे त्या म्हणाल्या, "आज वाईन घेऊ नका." त्या दोघांनी दुपारी वायनरीतून दोन बाटल्या आणलेल्या होत्या. कशासाठी आले होते ते? त्यांना वाटलं, गावाकडची बाई, हिला पिणं पटत नाही, म्हणून निमित्त काढते आहे.

निमित्त नव्हतं. हे औषध अंगात गेलं आणि वर मद्य घेतलं, तर मद्य पचवण्याच्या साखळीतला एक टप्पा अडतो. तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, दम लागतो. म्हणून ते हाताळणाऱ्याने आधी आणि नंतर मद्य घ्यायचं नाही अशी सक्त सूचना असते. वहिनींनी हे वाचून शिकलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी पेस्ट लावून गेलेल्या एका गड्याने रात्री घेतली होती आणि भाऊंना त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मुलीच्या हाताला लागलेलं थोडंसंच होतं हे खरं. पण थोडंसं म्हणजे किती, हे मोजत कोण बसणार? मी वहिनींच्या जागी असते तरी हेच सांगितलं असतं. फक्त एक वाक्य जास्त बोलले असते: का ते. वहिनी बोलल्या नाहीत, कारण आपण पाहुण्यांना विषारी औषधाच्या बागेत मोकळं सोडलं हे उघड कबूल करायची लाज वाटली. तसं त्यांनीच मला सांगितलं.

रात्र त्या दोघांनी आयफेल टॉवरखाली काढली. पहाटे पाच वाजता शेजारच्या मळ्यात ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. न्याहारी न घेताच ते निघून गेले.

तीन 'नाही'

माझ्याकडे असं प्रकरण आलं की मी आधी तक्रारीच्या बाजूने उभी राहते. 'बाग नाही', बरोबर. फोटो एका महिन्याचा आणि विक्री बारा महिन्यांची. हे एकट्या वहिनी करत नाहीत, सगळेच करतात. कोकणातल्या होमस्टेचा फोटो पावसाळ्यातला आणि गिऱ्हाईक मे महिन्यातलं, तसंच हे. फरक इतकाच की मे महिन्यात कोकणात निदान आंबे असतात.

'वाईन नाही' हे जास्त गुंतागुंतीचं होतं. दरपत्रकात सजावटवाल्याच्या सल्ल्याने एक ओळ होती: 'वाईनची एक बाटली भेट.' ती बघून मी डोक्याला हात लावला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना नसताना मद्य विकता येत नाही, आणि खोलीभाड्यात धरलेली 'भेट' ही भेट नसते. ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली. आता पाहुणे टेस्टिंगला वायनरीत जातात, बाटली हवी तर तिथूनच आणतात. घराकडून ग्लास, बर्फाची बादली आणि बूच काढायचा ओपनर मिळतो. हा ओपनर माझ्या मते दोन्ही खोल्यांमधली सगळ्यात उपयोगी वस्तू. रात्री साडेनऊला दिंडोरी रोडवर तो कुठे विकत मिळणार?

त्यातूनच एक प्रश्न वर आला, जो कोणाच्याच डोक्यात नव्हता. टेस्टिंगहून परत येताना गाडी कोण चालवणार? रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि मळ्याच्या रस्त्याला अंधार पडल्यावर टॅक्सी मिळत नाही. जोडप्यातल्या एकाने प्यायची आणि दुसऱ्याने घड्याळ बघत पाणी प्यायचं, यात कसला आलाय प्रणय! भाऊंचा चुलतभाऊ आता जीप घेऊन नेतो-आणतो. पाकळ्यांचे पैसे वाचले ते डिझेलला गेले.

'खिडकीसुद्धा नाही' यातला 'सुद्धा' मला फार लागला. बाग कापलेली असू शकते, वाईन हुकू शकते, पण खिडकी? खिडकी तर होती. तिच्यावर पॅरिस ठोकलं होतं. पाहुणा मुंबईच्या ट्रॅफिकमधून साडेचार तास येतो तो ज्या एका गोष्टीसाठी, तीच झाकायला या लोकांनी पैसे मोजले होते.

घरचे लोक

याखेरीज एक चौथा 'नाही' होता जो त्या जोडप्याने लिहिला नाही, पण जुन्या अभिप्रायांमध्ये तो जागोजागी सापडला. एकांत नाही.

निवास-न्याहारीची कल्पनाच अशी आहे की घर मालकाचं, पाहुणा त्यात. केंद्र सरकारच्या योजनेत तर अटच आहे की मालकाचं कुटुंब त्याच जागेत राहत असलं पाहिजे, आणि खोल्या जास्तीत जास्त सहा. म्हणजे योजनेला घरचे लोक घरात हवेत, आणि प्रणयाला ते नको असतात. परदेशात या दोहोंचा मेळ बसतो, कारण तिथली घरमालकीण दार वाजवत नाही. आपल्याकडे आजी वाजवतात. साडेसातला. "उठले का ओ? च्या झालाय." मग जिन्यात गाठून, लग्नाला किती वर्षं झाली? पाळणा? गाव कोणतं? आडनाव काय म्हणालात? हे सगळं मायेनं, त्यात खोट नाही. पण नवीन लग्नाच्या जोडप्याला ती माया घरी पुरेशी मिळत असते. ती चुकवायलाच ते इथे आलेले असतात.

आणि ज्यांचं लग्न झालेलं नाही? त्यांचे फोन यायचे. दबक्या आवाजात, "काका, आमचं अजून... चालेल ना?" नाना फोन भाऊंकडे द्यायचे, भाऊ वहिनींकडे, आणि शेवटी खोली रिकामी नाही असं सांगितलं जायचं. यावर घरात बैठक झाली. मी फक्त कायद्याचं सांगितलं. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कोणताही कायदा आड येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्टच म्हटलं आहे. दोघांचं ओळखपत्र घ्या, वहीत नोंद करा, संपलं. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहीत लिहा. मला सांगू नका." हा तोडगा मला वाईट वाटला नाही. अर्ध्या महाराष्ट्राचा संसार याच तोडग्यावर चालतो.

वही चाळताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे माझंच मत बदललं. 'रोमँटिक' म्हटल्यावर मीही पंचविशीतलं जोडपं डोळ्यांसमोर धरून चालले होते. वहीत निम्म्याहून जास्त मुक्काम पन्नाशी-साठीच्या पुढच्यांचे होते. मुलांनी लग्नाच्या तिसाव्या, चाळिसाव्या वाढदिवसाला पाठवलेले आई-बाबा. त्यांनी पाकळ्या पलंगावरून झटकून केराच्या टोपलीत भरून ठेवल्या होत्या, राजहंस उलगडून टॉवेल वापरला होता, आणि खाली येऊन पडवीतल्या दोन खुर्च्या मागितल्या होत्या. एका काकांनी वहीत लिहिलंय: "गरम पाणी उत्तम. फुगे रात्री फुटले." एवढंच.

काय केलं

पहिल्याच दिवशी प्लायवूड काढलं. भाऊंनी पहार घातली, आयफेल टॉवर मधोमध फाटला, आणि दुपारचं ऊन खोलीत आलं. पलंग दुसऱ्या भिंतीला गेला. 'व्हेनिस'चं काम फार नव्हतं. खोल्यांची नावं आता 'शेनीन' आणि 'थॉमसन'. थॉमसनला थोडं कमी भाडं आहे, कारण तिच्या खिडकीतून पॅकिंगची शेड दिसते. ते तसं लिहिलेलंही आहे.

न्याहारी हा माझा हट्ट होता. आधी ट्रेमध्ये बदामाच्या आकाराचा टोस्ट, कॉर्नफ्लेक्स आणि पाकिटातला ज्यूस जायचा, सकाळी आठ ते नऊ, कारण नंतर वहिनींना मजुरांचं बघायचं असतं. जोडपी उठतात साडेदहाला. आता खोलीच्या दाराबाहेर एक दांडगी खुंटी आहे. साडेआठला तिच्यावर चार खणांचा पितळी डबा टांगला जातो, खाली चहाचा थर्मास. वरच्या खणात मोडाची उसळ, दुसऱ्यात फरसाण-कांदा-लिंबू, तिसऱ्यात पाव नाहीतर थालीपीठ, तळाशी घरचे बेदाणे घातलेला शिरा. काळ्या मसाल्याचा रस्सा दुसऱ्या थर्मासमध्ये. दार वाजवायचं नाही. हे आजींना पटायला दोन महिने लागले. त्या अजूनही डबा टांगताना जरा जोरात खाकरतात.

बागेच्या वर्षाचं काम वहिनींनी स्वतः केलं. मी म्हटलं होतं की फोटोखाली महिना लिहा. त्यांनी बारा महिन्यांचा मजकूरच लिहून काढला, आणि तो मी एका अक्षराने बदललेला नाही. फेब्रुवारीचं असं: "घड तयार. तोडणी पहाटे असते, पाचला माणसं बोलतील, आवाज होईल. यायचं तर या, कात्री देऊ, पण क्रेटमध्ये नीट ठेवायचं, फेकायचं नाही." तोडणीला पाहुणे खरंच येतात. नाना त्यांच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर देतात. एक मणी काचेवर चुरडायचा, नळीला डोळा लावून उजेडाकडे बघायचं, निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे येईल तो साखरेचा आकडा. मी गेले त्या पहाटे एक तरुण जोडपं आलटून पालटून बघत होतं. ती म्हणाली एकवीस, तो म्हणाला साडेएकवीस, आणि त्यावरून दोघांची गंमतीची भांडाभांडी चालली होती. नाना शेवटी म्हणाले, "वायनरीवाला वीस म्हनंल. पैसे त्याच्या आकड्यावर मिळत्यात."

जानेवारीतली थंडीची लाट ही तर कोणी मांडणीत धरलेलीच नव्हती. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. एका पहाटे वरच्या खोलीतल्या बाईंनी खिडकीतून त्या शेकोट्या पाहिल्या, शाल गुंडाळून दोघं खाली आली आणि तासभर ओळीच्या तोंडाशी उकिडवी बसून राहिली. जाताना विचारलं, हे पॅकेजमध्ये होतं का, की वेगळे पैसे? भाऊंना काय उत्तर द्यावं कळेना. शेकोटी पाहुण्यांसाठी नव्हती, घडांसाठी होती.

सगळं सुटलं असं नाही. ब्लोअरचा आवाज आहेच. अवकाळी पाऊस पडून गेला की डाऊनी या बुरशीच्या भीतीने मध्यरात्रीसुद्धा फवारणी निघते आणि पाहुण्यांचे फोन येतात. नानांचं उत्तर ठरलेलं: "आवाज बंद केला तर बाग बंद पडंल." चौदा फेब्रुवारीचा घोळ तर सुटणारच नाही. पाहुण्यांची सगळ्यात जास्त मागणी आणि तोडणीची सगळ्यात जास्त घाई एकाच आठवड्यात येते. त्या आठवड्यात वहिनी एकच खोली देतात, दुसरीत व्यापाऱ्याचा माणूस झोपतो. पैसे बुडतात, ते त्यांनी मान्य केलं आहे. भाऊंनी अजून केलेलं नाही.

भाडं पाकळ्यांसकट ६,५०० होतं, ते आता ३,८०० आहे. पहिले चार महिने हात आखडता राहिला. नंतर वहीतली पानं भरू लागली, आणि गंमत म्हणजे 'फक्त जोडप्यांसाठी' हे शब्द काढल्यावर नवरात्रात सप्तशृंग गडावर जाणारी कुटुंबंही मुक्कामाला येऊ लागली.

ऑक्टोबरचा वहिनींचा मजकूर असा आहे: "बागेत फक्त काड्या. औषध लावलेलं असतं, लाल रंग दिसला की हात लावायचा नाही, ओळीत जायचं नाही. आम्ही कामात असतो, बोलायला वेळ नाही. खिडकीतून रामशेज दिसतो. दर कमी." मी म्हटलं, वहिनी, हे वाचून कोण येईल? गेल्या ऑक्टोबरात तीन जोडपी आली. त्यातल्या एकाने खाली लिहिलंय, कोणी बोलायला आलं नाही, फार बरं वाटलं.

आयफेल टॉवर शेळ्यांच्या गोठ्यात आहे. पावसाची झड आत येत होती त्या बाजूला भाऊंनी तो ठोकलाय, वरचा अर्धा.